फुटी, लीग, युनियन, सॉकर आणि आपलं क्रिकेट: मेलबर्नमधल्या एका फिजिओचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकहून मेलबर्नला येऊन चार महिने झाले, टार्नीटला घर घेतलंय. ऑफिसात सोमवारी सकाळी सगळे 'फुटी'वर बोलतात आणि तुम्ही कॉफीचा कप धरून नुसती मान डोलावता. क्रिकेट सोडून बाकी काही कळत नाही. मग इथला खरा खेळ कोणता, रग्बी दोन-दोन कशाला, सॉकरला इथे कोणी विचारतं का, आणि दहा वर्षांचा मुलगा नि आठ वर्षांची मुलगी यांना कशात घालायचं?

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझं बोलणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी फिजिओ. शिक्षण पुण्यात, मग सिडनीत सहा वर्षं आणि मेलबर्नमध्ये अठरा. सिडनीत एका रग्बी लीग क्लबच्या पोरांचे खांदे बघितले. इथे हिवाळ्यात फुटी क्लब आणि उन्हाळ्यात क्रिकेट क्लब, दोन्हीकडे शनिवारी हजर असतो. त्यामुळे या खेळांशी माझी ओळख घोट्यापासून वर अशी आहे. आणि मी तटस्थ बिलकुल नाही. माझी मतं आहेत, ती पुढे येतीलच.

पहिलं मत हे, की 'नंबर एकचा खेळ कोणता' हा प्रश्नच इथे लागू पडत नाही. देशभर सगळ्यांचा म्हणावा असा खेळ एकच, क्रिकेट. बाकीचे प्रांताचे, पेठेचे, वर्गाचे. २०१८ मध्ये केपटाऊनला ऑस्ट्रेलियाच्या बॅनक्रॉफ्टच्या खिशातून चेंडू घासायचा सँडपेपर निघाला तेव्हा पंतप्रधान टर्नबुल जातीनं बोलले. स्मिथ आणि वॉर्नर वर्षभर घरी बसले. रग्बी लीगच्या खेळाडूंचे प्रताप इथे दर महिन्याला छापून येतात, पण त्यावर देशाची मान खाली गेली असं कोणी म्हणत नाही. क्रिकेटची बेअब्रू झाली तेव्हा मात्र माझ्या टेबलावर पालथा पडलेला सत्तरीचा म्हातारा, ज्याला स्वतःच्या पाठदुखीबद्दलही कधी तक्रार करताना ऐकलं नव्हतं, तो वीस मिनिटं संतापून बोलत होता.

पण त्याच म्हाताऱ्याला विचारा की शनिवारी दुपारी काय बघणार, तर उत्तर येईल फुटी. क्रिकेटवर त्याची निष्ठा आहे, पण रोजचा संसार फुटीशी.

हे कोडं नकाशावर सुटतं. १९७८ मध्ये इयन टर्नर नावाच्या इतिहासकारानं गमतीनं एक रेषा कल्पिली आणि तिला रॉन बरासी या फुटीच्या थोर खेळाडूचं नाव दिलं. ही 'बरासी लाइन' देशाला वरपासून खालपर्यंत तिरकी छेदते, कॅनबेराजवळून जाते आणि व्हिक्टोरिया नि न्यू साउथ वेल्सच्या समुद्राकडच्या टोकाला मिळते. रेषेच्या आपल्या बाजूला, म्हणजे मेलबर्न, अ‍ॅडलेड, पर्थ, होबार्टला 'फुटी' म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स. पलीकडे सिडनी आणि ब्रिस्बेनला 'फुटी' म्हणजे रग्बी लीग. शब्द एकच, खेळ दोन. मी सिडनीहून इथे आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एकाशी दहा मिनिटं फुटीबद्दल बोललो आणि शेवटी कळलं की तो एका खेळाबद्दल बोलतोय आणि मी दुसऱ्याच.

आता क्रिकेट आणि फुटीचं नातं. एमसीजी, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, त्याच्याबाहेर टॉम विल्सचा पुतळा आहे, पुढच्या वेळी गेलात की बघा. विल्स हा व्हिक्टोरियाचा नामांकित क्रिकेटपटू, इंग्लंडात रग्बी शाळेत शिकून आलेला. जुलै १८५८ मध्ये त्यानं वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. मुद्दा असा, की हिवाळ्यात क्रिकेटपटू सुस्तावतात, तर त्यांना चपळ ठेवायला एखादा फुटबॉल क्लब काढा. पुढच्या वर्षी, १८५९ मध्ये, मेलबर्न क्लबनं नियम लिहून काढले. म्हणजे ज्या खेळासाठी आज इथे लाखभर माणूस एका जागी जमतो, तो मुळात क्रिकेटवाल्यांचा ऑफ-सीझनचा व्यायाम. सुरुवातीला तर क्रिकेटवाले त्यांना आपल्या हिरवळीवर पाऊल ठेवू देत नव्हते. बाहेरच्या बागेत, झाडांच्या मधून खेळा म्हणाले.

याच विल्सच्या आयुष्यात पुढे जे घडलं ते अजून मला नीट पचलेलं नाही. १८६१ मध्ये क्वीन्सलंडमध्ये त्याचे वडील आणि सोबतची अठरा माणसं मूळनिवासींच्या हल्ल्यात मारली गेली, आणि त्यानंतर बदला म्हणून कितीतरी मूळनिवासींची कत्तल झाली. पाच वर्षांनी हाच विल्स पश्चिम व्हिक्टोरियात जाऊन मूळनिवासी क्रिकेटपटूंचा संघ तयार करत होता. १८६६ च्या बॉक्सिंग डेला त्यानं तो संघ एमसीजीवर उतरवला. त्या संघातले बरेचजण १८६८ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले. परदेश दौरा करणारा ऑस्ट्रेलियाचा पहिला क्रिकेट संघ तो. त्यांचा हिरो जॉनी मुल्लाघ. एका दौऱ्यात १६९८ धावा आणि २४५ बळी. आकडा पुन्हा वाचा.

आता आपल्या घरची गोष्ट. २०२० च्या डिसेंबरात अ‍ॅडलेडला आपण ३६ धावांत गुंडाळले गेलो, कोहली बाळंतपणासाठी घरी परतला आणि अजिंक्य रहाणेनं मेलबर्नला ११२ धावा काढून सामना जिंकून दिला. आठवतंय ना? त्या सामन्यात त्याला जे पदक मिळालं ते मुल्लाघ पदक. बॉक्सिंग डे कसोटीच्या सामनावीरासाठी ते त्याच वर्षी सुरू झालं, त्यामुळे पहिला मानकरी आपला रहाणे. १८६८ च्या संघाच्या पट्ट्याच्या बकलावरून ते घडवलंय. ऑफिसात फुटीवर बोलणं जमत नसेल तर ही गोष्ट सांगा. विल्स, मुल्लाघ, रहाणे. फुटीचा जन्म आणि मुंबईकराचं पदक एकाच माणसाच्या धाग्यात ओवलेले आहेत, हे बऱ्याच ऑस्ट्रेलियनांनाही माहीत नसतं.

या नात्यामुळेच फुटीचं मैदान लंबवर्तुळ आहे. क्रिकेटच्या मैदानावर जन्मलेलं पोर, त्यानं आईचाच आकार घेतला. रग्बी आणि सॉकर चौकोनी. एकाच मैदानात दोघांचा संसार असल्यानं भांडणंही घरातलीच. मधल्या खेळपट्टीचा चिखल कोणी करायचा, यावरून किती रुसवेफुगवे झाले असतील! तोड निघाली तीही गमतीची. १९७७ मध्ये केरी पॅकरनं बंडखोर क्रिकेट काढलं. त्याला प्रस्थापित क्रिकेट मैदानं मिळेनात, म्हणून तो वेव्हर्ली इथल्या फुटीच्या मैदानावर गेला. तिथे खेळपट्टी कुठून असणार? मग बाहेर साच्यात वाढवून ती क्रेननं आणून बसवली. आज ज्याला 'ड्रॉप-इन' म्हणतात ते हे. एमसीजीवर आता तशीच खेळपट्टी असते, कारण सप्टेंबरअखेर फुटीची ग्रँड फायनल होईपर्यंत मधला भाग त्यांचा. माझ्या मते कसोटी क्रिकेटनं त्याची किंमत मोजलीय. २०१७ च्या अ‍ॅशेसमध्ये मेलबर्नची खेळपट्टी इतकी निर्जीव होती की इंग्लंडच्या कूकनं नाबाद २४४ ठोकल्या आणि आयसीसीनं तिला 'खराब' असा शेरा दिला.

फुटी बघायला कसं शिकायचं? टीव्हीसमोर बसून नियम पाठ करू नका, डोकं गरगरेल. गरजेपुरतं सांगतो. दोन्ही बाजूंना अठरा-अठरा. टोकाला चार खांब. मधल्या दोघांतून लाथेनं चेंडू गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर 'बिहाइंड', एक गुण. चेंडू फेकायचा नाही, लाथ मारायची किंवा एका तळव्यावर धरून दुसऱ्या मुठीनं हाणायचा. लाथेनं आलेला चेंडू हवेत स्वच्छ झेलला की 'मार्क', मग कोणी हात लावायचा नाही, निवांत लाथ मारा. ऑफसाइड नाहीच. आणि पकडलेल्या खेळाडूनं चेंडू सोडला नाही की सगळं स्टेडियम एका सुरात ओरडतं, 'बॉऽऽल!' आपल्या अपीलसारखंच. पंचाला सगळं दिसतं, तरी ओरडायचं. हा एक शब्द आला की निम्मं काम झालं.

आणखी एक शब्द सांभाळा. इथे संघाला 'सपोर्ट' किंवा 'बॅरॅक' करतात. अमेरिकन मालिका बघून कोणाला 'मी अमक्यासाठी रूट करतो' म्हणालात तर ऑफिसात पुढची दोन वर्षं तीच गोष्ट सांगितली जाईल. अर्थ विचारू नका, इथे लिहिण्यासारखा नाही.

आमच्या क्लबवरची शनिवार सकाळ सांगतो. साडेसातला चेंजिंग रूम उघडते. आत ओल्या मोज्यांचा आणि डीप हीटचा वास. लाकडी बाकावर ओळीनं पोरं पाय लांब करून बसतात आणि मी घोटे बांधत जातो. पाय काटकोनात, आधी नडगीवर दोन वेढे, मग आतून बाहेर रिकिबीसारख्या तीन पट्ट्या, मग टाचेला कुलूप. एका घोट्याला दोन मिनिटं. बोलणं सगळं त्या दोन मिनिटांत होतं. कोणाचं लग्न मोडलं, कोणाची नोकरी गेली, कोणाच्या बापाला कॅन्सर निघाला. उन्हाळ्यात त्यातलीच चार-पाच पोरं क्रिकेटच्या पांढऱ्या कपड्यांत त्याच खोलीत येतात, तेव्हा विषय तिथूनच पुढे सुरू. क्लब एकच, हिवाळ्याचा बोर्ड काढून उन्हाळ्याचा लावतात. किथ मिलर हा असाच. ऑस्ट्रेलियाचा महान अष्टपैलू, आणि सेंट किल्डाकडून फुटीचे पन्नास सामनेही खेळला.

संघ निवडायचा तर पश्चिमेकडच्या उपनगरात राहता म्हणून माझं ऐका आणि वेस्टर्न बुलडॉग्ज घ्या. जिंकणारा संघ बघून निवडू नका, लोक ओळखतात. हा मूळचा फुटस्क्रे क्लब, कामगार वस्तीचा. १९८९ मध्ये वरच्यांनी तो दुसऱ्या क्लबात विलीन करायचं ठरवलं, तेव्हा लोकांनी रस्त्यारस्त्यावर डबे वाजवून वर्गणी गोळा केली आणि क्लब वाचवला. गणपतीची वर्गणी मागत फिरलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

१९५४ नंतर यांनी विजेतेपद पाहिलं नव्हतं. २०१६ मध्ये सातव्या क्रमांकावरून बाद फेरीत आले आणि १ ऑक्टोबरला, आपल्याकडे घटस्थापना होती त्या दिवशी, सिडनी स्वान्सला हरवलं. फलक असा होता: १३.११ (८९) विरुद्ध १०.७ (६७). तेरा गोल, अकरा बिहाइंड, कंसात बेरीज. आता तुम्हाला स्कोअर वाचता येतो. त्यांचा कर्णधार बॉब मर्फी मात्र खेळत नव्हता. हंगामाच्या तिसऱ्याच सामन्यात त्याचा एसीएल, म्हणजे गुडघा धरून ठेवणारा आतला अस्थिबंध, गेला होता. सगळी कारकीर्द एका क्लबात काढली आणि ऐन वर्षी कुबड्या. सामन्यानंतर प्रशिक्षक बेव्हरिजनं त्याला मंचावर बोलावलं आणि स्वतःच्या गळ्यातलं पदक काढून त्याच्या गळ्यात घातलं. एसीएल फाटलेली पोरं मी दर वर्षी बघतो. नऊ महिने ती काय भोगतात, आपलेच मित्र जिंकताना बघणं किती कठीण जातं, हे मला माहीत आहे. घरात घट बसवलेला, बायको आरतीला हाक मारतेय आणि मी टीव्हीसमोर नाक ओढत बसलेला.

फुटीचा काळा भागही माहीत असू द्या. अ‍ॅडम गुड्स, मूळनिवासी वंशाचा, हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक दोन वेळा, २०१४ चा 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर'. २०१५ मध्ये जिथे जाईल तिथे प्रेक्षक त्याची हुर्यो उडवायचे. त्याच वर्षी तो निवृत्त झाला, आणि निरोपाच्या फेरीलाही आला नाही. त्या हुर्योत माझ्या ओळखीची माणसंही होती. आणि मी तेव्हा काही बोललो नाही.

आता रग्बी. दोन कशाला, तर पैशापायी. इंग्लंडात १८९५ मध्ये उत्तरेकडचे क्लब फुटून निघाले. शनिवारी खेळायचं तर खाणीतल्या, गिरणीतल्या माणसाची मजुरी बुडायची, ती भरून द्या म्हणाले. लंडनचे साहेब म्हणाले, खेळाचे पैसे घेणं शिष्टसंमत नाही. पैसे देणारी ती लीग, न देणारी ती युनियन. सिडनीत ठिणगी पडली ती एका दुखापतीवरून. १९०७ मध्ये अ‍ॅलेक बर्डन नावाचा खेळाडू जखमी झाला, कामावर जाता येईना, आणि युनियननं भरपाई दिली नाही. मंडळी चिडली. खलबतं कुठे व्हायची माहितेय? व्हिक्टर ट्रम्परच्या खेळसाहित्याच्या दुकानात. होय, तोच ट्रम्पर, त्या काळचा जगातला सर्वात देखणा फलंदाज. नव्या लीगचा तो खजिनदार झाला आणि १९०८ मध्ये स्पर्धा सुरू झाली. म्हणजे तिकडचा हिवाळी खेळसुद्धा एका क्रिकेटपटूच्या दुकानात ठरला. फिजिओ म्हणून मला ही जन्मकथा भारी आवडते. जखमी माणसाच्या औषधपाण्यावरून अख्खा खेळ उभा राहिला.

मैदानावरचा फरक: लीगमध्ये तेरा खेळाडू, सहा वेळा पकडले गेलात की चेंडू समोरच्याला, ट्राय (चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवणं) चार गुणांचा. युनियनमध्ये पंधरा, ट्राय पाचचा, आणि पाडलेल्या खेळाडूभोवती ढिगारा करून चेंडूसाठी झोंबाझोंबी. लीग सरळ आहे, कबड्डीची सवय असलेल्याला दहा मिनिटांत कळते. चढाई, पकड, पुन्हा चढाई. युनियन कळायला दोन हंगाम लागतात, आणि शिट्टी का वाजली हे कधीकधी खेळणाऱ्यालाही कळत नाही.

लीगचं एकच बघायचं असेल तर स्टेट ऑफ ओरिजिन बघा. क्वीन्सलंडचे चांगले खेळाडू पैशासाठी सिडनीच्या क्लबांत जायचे आणि मग न्यू साउथ वेल्सकडून स्वतःच्याच राज्याला बदडायचे. १९८० मध्ये नियम केला, की ज्या राज्यात वाढलास त्याचा शर्ट घाल. ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर पस्तिशीचा आर्थर बीटसन क्वीन्सलंडचा कर्णधार म्हणून उतरला आणि पॅरामॅटात आपल्याच सोबत खेळणाऱ्या मिक क्रोनिनवर हात उगारला. सगळं राज्य खूश. क्वीन्सलंडनं तो सामना २०-१० असा जिंकला. त्या एका उगारलेल्या हातावर आजही दर वर्षी तीन रात्री अर्धा देश जागतो.

सिडनीच्या पश्चिमेला मी ज्या पोरांचे खांदे बसवले ती बहुतेक सामोआ, टोंगा, फिजीची. चौदा वर्षांचा पोरगा, मांडी माझ्या कमरेएवढी, आणि सुई बघून आईचा हात धरणार. त्याच भागातल्या पेनरिथनं २०२१ पासून सलग चार विजेतेपदं घेतली. मैदानाबाहेर काय करतात ते सोडा, मला लीग हा इथला सर्वात सरळ, नाटक नसलेला खेळ वाटतो.

युनियनबद्दल मी कठोर आहे. ऑस्ट्रेलिया १९९१ आणि १९९९ चे विश्वविजेते. २००३ ला सिडनीत अंतिम सामन्यात इंग्लंडच्या विल्किन्सनच्या शेवटच्या लाथेनं हरले, तोपर्यंत ठीक. पण मोठ्या फीच्या शाळांतून खेळाडू येणार, तिथलेच लोक कारभार बघणार, आणि बाकीच्यांनी यावं असं कोणाला वाटतच नव्हतं. २००३ पासून न्यूझीलंडशी खेळायचा ब्लेडिस्लो चषक त्यांच्याकडेच. २०२३ च्या विश्वचषकात फिजीकडून २२-१५, वेल्सकडून ४०-६, आणि इतिहासात प्रथमच साखळीत बाहेर. २०२५ मध्ये लायन्स, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक संघाविरुद्ध मालिका गेली खरी, पण एमसीजीवरचा सामना २९-२६ असा शेवटच्या मिनिटाला हरले आणि नव्वद हजार लोक ते बघायला आले होते. २०२७ चा विश्वचषक इथेच आहे. तेव्हा एक सामना नक्की बघा. तिथे गाणारे पाहुणे बघण्यातच अर्धी मजा.

आणि सॉकर. मी मुद्दाम सॉकर म्हणतोय, म्हणजे कोणाचं काय ते कळेल. खेळणाऱ्या पोरांची डोकी मोजलीत तर सांघिक खेळांत हाच पुढे. पण वर्तमानपत्राच्या मागच्या पानावर त्याला सावत्र पोराची जागा. माझ्या मते कारण उघड आहे. फुटी आणि लीग क्रिकेटच्या अंगणात जन्मले. सॉकर मात्र बोटीतून उतरला. महायुद्धानंतर आलेल्या ग्रीक, इटालियन, क्रोएशियन लोकांनी क्लब काढले, आणि ते क्लब म्हणजे त्यांची मंडळंच होती. भाषा, जेवण, लग्नं जुळवणं सगळं तिथे. २००५ मध्ये ए-लीग ही नवी देशव्यापी सॉकर स्पर्धा काढताना हे सगळे जुने क्लब बाहेर ठेवले. स्वच्छ, चकचकीत, कोणाचेच नसलेले संघ आणले. ज्यांनी पन्नास वर्षं दिवा तेवत ठेवला त्यांनाच दाराबाहेर उभं केलं. ही चूक अजून निस्तरली नाही असं मी मानतो. परदेशात मंडळ चालवणं म्हणजे काय हे आपल्याला कळतं, म्हणून मला ते जास्त लागतं.

तरी दोन रात्री अशा आल्या की सगळा देश सॉकरचा झाला. १६ नोव्हेंबर २००५, सिडनी, उरुग्वेविरुद्ध पेनल्टी. आपल्या गोलरक्षक श्वार्झरनं दोन अडवल्या, अलोयसीनं शेवटची मारली आणि शर्ट काढून तो वेड्यासारखा धावत सुटला. १९७४ नंतर प्रथमच विश्वचषकात प्रवेश. दुसरी २०२३ च्या महिला विश्वचषकातली, माटिल्डाजची, म्हणजे इथल्या महिला संघाची. ब्रिस्बेनला फ्रान्सविरुद्ध पेनल्टी ७-६ पर्यंत लांबली. त्या रात्री आमच्या फुटी क्लबनं आपल्या हॉलमध्ये मोठा पडदा लावला होता. सॉकरला आयुष्यभर नावं ठेवणारे बाप मुलींना खांद्यावर घेऊन उभे होते.

आपला दुवाही सांगून ठेवतो. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतानं ऑस्ट्रेलियाला फुटबॉलमध्ये ४-२ हरवलं होतं. मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाचे त्यात तीन गोल, ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारा पहिला आशियाई. ऑफिसातला ग्रीक सहकारी फार बोलायला लागला की हे काढा.

क्रिकेटचं कौतुक झालं, आता तक्रार. पश्चिमेच्या उपनगरांत कुठल्याही शनिवारी ज्युनियर सामना बघा. निम्म्याहून जास्त पोरं आपल्याकडची, पंजाबी, तेलुगू, गुजराती, मराठी. वर राज्याच्या संघाकडे बघा, ती कुठे गळाली? क्लबवाले म्हणतात, सोळाव्या वर्षी अभ्यासासाठी सोडतात. पालक म्हणतात, निवड ओळखीनं होते. दोघंही थोडे खरे आहेत. पण जमतं हेही दिसलंय. लिसा स्थळेकर पुण्यात जन्मली, सिडनीत वाढली, ऑस्ट्रेलियाची कर्णधार झाली, २०१३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला शेवटचा झेल तिचाच. आणि एलिस पेरी तर सोळाव्या वर्षी क्रिकेट आणि फुटबॉल दोन्हींत देशाकडून खेळली, २०११ च्या फुटबॉल विश्वचषकात गोलही मारला.

पेरीचं नाव घेतलं ते मुलांच्या प्रश्नाकडे यायला. गेल्या वर्षी एक वडील तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. वेगवान गोलंदाज, उजव्या हाताचा, कमरेत डावीकडे दुखतंय, मागे वाकलं की जास्त. मी विचारलं, आठवड्यात किती दिवस टाकतो? वडील अभिमानानं म्हणाले, सहा. क्लबचा कोच वेगळा, खासगी अकादमी वेगळी, रविवारी घरामागे स्वतः वडील. स्कॅन केलं, मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर. उजव्या हाताच्या गोलंदाजाला ते बहुधा डावीकडेच होतं. सांगितलं, या हंगामात गोलंदाजी बंद. मुलगा रडला नाही. खरं सांगायचं तर त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. पॅट कमिन्स अठराव्या वर्षी जोहान्सबर्गला कसोटी खेळला आणि पुढची कसोटी खेळला थेट २०१७ मध्ये, रांचीला. मध्ये सारखी पाठ. त्याच्यामागे देशातले उत्तम डॉक्टर होते.

म्हणून मुलाला उन्हाळ्यात क्रिकेट द्या, हिवाळ्यात दुसरं काहीही, आणि अकादमीच्या वर्षभराच्या पॅकेजला नाही म्हणा. दहाव्या वर्षी फुटी सुरू करायला उशीर झालेला नाही. टॅकलची भीती वाटत असेल तर सॉकर. लीग किंवा युनियनमध्ये घातलंत तर डोक्याच्या माराबद्दल जागरूक राहा. कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा, झालं तर मुलांसाठी इथला नियम किमान एकवीस दिवस सामना नाही. कोचनं 'बरा दिसतोय की' म्हटलं तरी नाही. विल पुकोव्हस्की आपल्याविरुद्ध सिडनीला पदार्पणात ६२ धावा काढून गेला, आणि डोक्याच्या मारांपायी सत्ताविसाव्या वर्षी त्याला खेळ सोडावा लागला.

मुलीला तिला आवडेल ते, फुटी नाहीतर सॉकर. फक्त बारा-तेराची झाली की एक बघा. या दोन्ही खेळांत मुलींचे एसीएल मुलांपेक्षा बरेच जास्त जातात. क्लब सरावाआधी उडी मारून गुडघा न वळवता उतरणं, एका पायावर तोल, असा वॉर्मअप घेतो का, हे विचारा. 'फिफा ११+' नावाचा वीस मिनिटांचा आहे, फुकट मिळतो. घेत नसतील तर दुसरा क्लब बघा. एवढं एक मी ठासून सांगेन.

ऑफिससाठी मार्चमध्ये फुटी टिपिंग सुरू होतं, त्यात नाव घाला. दर आठवड्याला कोण जिंकणार एवढंच सांगायचं. मी पहिल्या वर्षी काहीच कळत नसल्यानं दर वेळी घरच्या मैदानावरचा संघ निवडत गेलो आणि चाळीस जणांत सहावा आलो. सोमवारच्या कॉफीला पुरेसं आहे.

आणि सराव सुरू झाला की मुलांना घेऊन शनिवारी कुठल्याही क्लबवर जा. आईबापांना नुसतं उभं राहू देत नाहीत. कोणी गोल पंचाचे झेंडे हातात देईल, कोणी सॉसेज परतायला बोलावेल, शाकाहारी असाल तर मध्यंतरासाठी संत्री कापायला बसवतील. सालीसकट, चार फोडी. आठ फोडी केल्यात तर पोरं हसतात.